तूप सोडले, अंडी सोडली, तरी कोलेस्टेरॉल जागच्या जागी : चूक कुठे होते आहे?

उपवनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ५३, राहणे ठाण्यात उपवनच्या बाजूला, नोकरी ऐरोलीत आणि पूर्णपणे बैठी. मार्च महिन्यात कार्यालयातर्फे झालेल्या तपासणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४१ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७५ आले (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू केली नाही. तीन महिने पथ्य पाळा आणि पुन्हा रक्त तपासा, असे सांगितले.

पथ्य मी प्रामाणिकपणे पाळले. वरणभातावरचे आणि पोळीवरचे मिळून दिवसाला दोन चहाचे चमचे तूप बंद केले, आठवड्यातली चार अंडी बंद केली, दुधावरची साय काढली, आणि शेंगदाण्यात तेल असते म्हणून भाजीतला कूटही घरच्यांना घालू दिला नाही. सकाळी पोहे किंवा उपमा, संध्याकाळी चहाबरोबर चार-पाच खारी किंवा टोस्ट, रात्री भूक राहते म्हणून एक पोळी जास्त, असा माझा आहार झाला. स्वयंपाकाचे तेल पूर्वीचेच आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक कॅन लागतो.

जूनमधला रिपोर्ट असा आहे : एकूण २३२, एलडीएल १४७, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २४५. म्हणजे एकूण आकडा सहाने उतरला आणि ट्रायग्लिसराइड सत्तरने चढले. मी चोरून काहीतरी खातो असे पत्नीचे ठाम मत आहे, आणि तूप सोडल्याचे हे फळ आहे असे आईचे.

माझे प्रश्न दोन आहेत. खाण्यातल्या स्निग्ध पदार्थांचे प्रमाण कमी करणे महत्त्वाचे की त्यांचा प्रकार बदलणे महत्त्वाचे? आणि तेल कोणते वापरावे? कृपया अनुभव आणि माहिती दोन्ही लिहावे.

कोपरीकर

आईंचा निकाल कायम ठेवावा. तूप निर्दोष सुटले आहे आणि खारी फरार आहे, एवढे मला या धाग्यावरून दिसते.

नेरूळची शोभा

मी तीस वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. सवयीला इलाज नाही.

पहिली गोष्ट अशी की रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतः तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. एलडीएलचे कण रक्तातून उचलून घेण्याचे कामही मुख्यतः यकृतच करते, आणि त्यासाठी त्याच्या पेशींवर विशिष्ट ग्राहके, म्हणजे रिसेप्टर, असतात. ही ग्राहके शोधून त्यांचे कार्य उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीला १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त स्निग्धाम्ले, म्हणजे ज्यांना आपण सॅच्युरेटेड फॅट म्हणतो ती, जास्त खाल्ली की या ग्राहकांचे काम मंदावते, कण रक्तातच रेंगाळतात आणि एलडीएल वाढते. करडई, सूर्यफूल यांसारख्या तेलांतली बहुअसंपृक्त स्निग्धाम्ले याच्या उलट परिणाम करतात. सगळी संपृक्त स्निग्धाम्लेही सारखी नाहीत : लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही एलडीएल वाढवतात, स्टिअरिक मात्र जवळजवळ तटस्थ राहते.

आता आपले गणित करू. आन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडलेले एक जुने सूत्र आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेतील एक टक्का भाग संपृक्त स्निग्धांकडून पिष्टमय पदार्थांकडे गेला, तर रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल सरासरी २.७ मिलिग्रॅमने उतरते. आपले दोन चमचे तूप म्हणजे दहा ग्रॅम. त्यात संपृक्त भाग सुमारे सहा ग्रॅम, म्हणजे ५४ कॅलरी. दिवसाच्या २००० कॅलरींत हे २.७ टक्के झाले. २.७ गुणिले २.७ करा, उत्तर सातच्या आसपास येते. आपला आकडा सहाने उतरला. तेव्हा आपण चोरून खात नाही हे पत्नीला माझ्या हवाल्याने सांगावे. तूप सोडून मिळण्यासारखे होते तेवढे आपल्याला मिळाले आहे.

अंड्यांमुळे आणखी तीन-चार आकडे उतरायला हवे होते. एका मोठ्या अंड्याच्या बलकात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम त्याच सूत्रात वर्गमुळाखाली येतो. म्हणजे आकडा वाढत जातो तसा परिणाम मंदावत जातो. म्हणूनच अमेरिकेच्या २०१५ सालच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळली गेली. अंड्यांचे ते तीन-चार आकडे कुठे गेले, याचा शोध कोपरीकरांनी आधीच लावला आहे असे मला वाटते.

मुरबाडचा पाहुणा

शोभाताईंच्या अभ्यासाचा आदर ठेवून लिहितो. माझी आजी ९१ वर्षे जगली आणि शेवटपर्यंत भातावर तुपाची धार घेत होती. तूप वाईट हा शोध गेल्या साठ-सत्तर वर्षांतला आहे, आणि तो लावणाऱ्यांनी आधी कौल लावून मग पुरावे गोळा केले असे माझे मत आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात मोठा प्रयोग झाला होता. संपृक्त स्निग्धांच्या जागी मक्याचे तेल दिले, लोकांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्या प्रयोगाची जुनी माहिती बाहेर काढून २०१६ साली तिचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हाही तेच दिसले. मग हे सगळे आकडे उतरवायचे कशासाठी?

नेरूळची शोभा

@मुरबाडचा पाहुणा : आक्षेप योग्य आहे आणि त्याला बगल देणे मला पटणार नाही. त्या प्रयोगात कोलेस्टेरॉल उतरले आणि मृत्यू घटले नाहीत, हे खरे आहे. मात्र त्यातले बहुसंख्य लोक मनोरुग्णालयांत दाखल असलेले होते, त्यांची ये-जा सतत चालू असे, आणि बरेच जण वर्षभरसुद्धा त्या आहारावर नव्हते. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा साका धरायला दशके लागतात. तो वर्षभरात निवळेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. किमान दोन वर्षे चाललेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०२० साली घेतला. त्यात संपृक्त स्निग्धे कमी करणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकत्रित घटना कमी आढळल्या. एकूण मृत्यूंमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे आपले म्हणणे पूर्ण खोडून निघत नाही, आणि माझेही नाही.

आजीबद्दल एवढेच विचारते की धार म्हणजे किती, आणि त्या दिवसभरात किती चालत असत?

मुरबाडचा पाहुणा

प्रामाणिकपणे उत्तर देतो. घरात एक गाय आणि खाणारी अकरा तोंडे होती, त्यामुळे धार म्हणजे थेंबच म्हणायचे. पाणी विहिरीवरून यायचे आणि विहीर उतारावर होती. बाहेरच्या खाण्याचे म्हणाल, तर वर्षातून एकदा जत्रेतली भजी.

कोपरीकर

म्हणजे आजींचे पथ्य विहिरीने सांभाळले.

दाणाबाजार

वाशीच्या घाऊक बाजारात आमचा तेलाचा व्यवहार आहे, त्यामुळे डब्यावर काय लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक त्यातले काय वाचते, हे रोज पाहतो. गिऱ्हाईक ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द वाचते आणि पैसे मोजते. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. मिठाच्या पुडीवर ‘साखरमुक्त’ लिहिण्यासारखा तो प्रकार आहे.

वाचायचे ते डब्याच्या मागे. १०० ग्रॅममध्ये सॅच्युरेटेड किती, हा आकडा शोधावा. ढोबळमानाने करडईत आठ-दहा, सूर्यफुलात अकरा, तिळात चौदा, शेंगदाण्यात अठराच्या आसपास, राइस ब्रानमध्ये (तांदळाच्या कोंड्याचे तेल) वीस-पंचवीस, पामोलिनमध्ये (पातळ पामतेल) चाळीसच्या पुढे, तुपात साठ-पासष्ट आणि खोबरेल तेलात ऐंशी ते नव्वद. पामतेल झाडाचे असले तरी स्वभावाने ते तुपाच्या बाजूला झुकलेले आहे. फरसाण, वेफर, बिस्किटे, हॉटेलातली तळणी यांत तेच भरपूर जाते, कारण ते स्वस्त पडते आणि कढईत टिकते. ‘खाद्य वनस्पती तेल’ एवढेच मोठ्या अक्षरांत असेल तर बारीक अक्षरांतली यादी वाचल्याशिवाय डबा उचलू नये.

ठाण्यात हल्ली लाकडी घाण्याच्या दुकानांची रांग लागली आहे, म्हणून तेही लिहितो. घाण्याच्या तेलाला वास चांगला, चव चांगली, आणि मी स्वतः घरी शेंगदाण्याचे तेच वापरतो. पण घाणा लाकडी असो की लोखंडी, शेंगदाण्यातली स्निग्धाम्ले बदलत नाहीत. दुप्पट दराने घेतले म्हणून दुप्पट ओतायची मुभा मिळत नाही, एवढेच गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकत कोणी नाही.

कळव्याची मालवणी

दाणाबाजार यांनी खोबरेलाला नव्वदीपर्यंत नेऊन ठेवले. आता आम्ही काय करावे? आमच्याकडे ओल्या खोबऱ्याशिवाय माशाची आमटीच काय, वालाची भाजीही होत नाही. कोकणात आणि केरळात लोक पिढ्यान्पिढ्या नारळ खातात, ते काय सगळे हृदयविकाराने गेले?

नेरूळची शोभा

ओले खोबरे आणि खोबरेल यांत फरक करावा लागेल. ओल्या खोबऱ्यात निम्मे पाणी आणि बराचसा चोथा असतो. स्निग्धांश साधारण एक-तृतीयांश. ८० ग्रॅमच्या वाटीभर खोबऱ्यात संपृक्त भाग चोवीसेक ग्रॅम येईल, आणि ती वाटी चौघांच्या आमटीत गेली तर प्रत्येकी सहा. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे साधारण २२ ग्रॅम संपृक्त स्निग्ध. तेव्हा एक आमटी त्यात सहज बसते. आमटी, सोलकढी, भाजीवर भुरभुरलेले खोबरे आणि शेवटी खोबऱ्याची वडी, हे सगळे एकाच ताटात आले तर मात्र बसत नाही.

खोबरेल तेलाबाबत २०२० साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. एचडीएलही थोडे वाढले. स्वयंपाकाला खोबरेल ‘औषधी’ म्हणून मुद्दाम सुरू करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. आपल्या आमटीला माझी हरकत नाही. उलट पत्ता कळवावा.

सीवूड्सचा बेकरीवाला

खारीचा विषय निघाला आहे आणि मी बेकरीच्या घरातला आहे, म्हणून बोलतो. खारीला पदर सुटतात ते मैद्यामुळे नव्हे, मैद्याच्या घड्यांमध्ये लाटलेल्या घट्ट चरबीमुळे. आमच्याकडे एक किलो मैद्याला अर्ध्या किलोच्या आसपास वनस्पती तूप जात असे. ते लोण्यासारखे घट्टच लागते, पातळ तेलाने पदर सुटत नाहीत. खारी हातात घेतल्यावर बोटांना जो तुपकट थर लागतो, तो साबणाशिवाय निघत नाही हे सर्वांनी पाहिले असेल.

आमच्या वडिलांच्या काळी ही वनस्पती म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले तेल होते आणि त्यात ट्रान्स फॅट भरपूर असे. १९९० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल कमीही करते. म्हणजे तुपाहून वाईट. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेले आणि चरबीमध्ये ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हे उत्तमच झाले. पण खारीला घट्ट चरबी लागतेच, त्यामुळे ट्रान्स फॅटच्या जागी बहुतेक ठिकाणी पामची घट्ट चरबी आली, आणि ती संपृक्त आहे.

धागाकर्त्यांनी घरचे दहा ग्रॅम तूप सोडले आणि संध्याकाळी चार-पाच खारी चालू ठेवल्या. दाराने पाहुणा घालवला आणि खिडकीने आत घेतला.

उपवनकाठ

खारीचा गुन्हा कबूल करतो. ती ‘कोरडी’ असते म्हणून मी तिला पथ्याची समजत होतो. स्टेशनच्या वाटेवर बेकरी आहे, आणि पाव किलोची पिशवी दोन दिवसांत संपते हेही लिहून टाकतो.

घोडबंदरची गृहिणी

सगळे प्रकारावर बोलत आहेत, पण धागाकर्त्यांनी पहिल्याच लेखात एक आकडा दिला आहे त्याकडे कोणी पाहिलेले नाही. चौघांना महिन्याला पाच लिटर तेल. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम धरले तर ४५५० ग्रॅम झाले. तीस दिवस आणि चार माणसे यांनी भागले की दर माणशी दर दिवशी ३८ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २५ आणि स्त्रीला २० ग्रॅम दृश्य स्निग्ध पुरेसे मानले आहे, आणि त्यात तूप-लोणीही धरलेले आहे.

माझ्या घरी हाच हिशेब ४१ निघाला होता. मी कॅनवर तेलरंगी पेनने रेघा मारल्या आणि दर सोमवारी आठवड्याचे तेल मापून बरणीत काढू लागले. पहिल्या महिन्यात गुरुवारीच बरणी रिकामी झाली आणि सासऱ्यांनी उकडलेली भाजी खाऊन निषेध नोंदवला. मग लक्षात आले की आमचे तेल फोडणीत कमी आणि पोळीला लावण्यात, पराठ्याच्या कडेने सोडण्यात आणि मिसळीवर तवंग दिसावा म्हणून ओतण्यात जास्त जाते. फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला आणि पोळी कोरडी भाजून एकाच बाजूला बोट फिरवू लागलो, एवढ्यानेच दीड लिटर वाचले.

कोपरीकर

तवंगाचा उल्लेख झालाच आहे, तर ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या नावाने दोन मिनिटे शांतता पाळावी.

येऊरचा वाटसरू

शांतता पाळतो, पण तर्री सोडत नाही. महिन्यातून एक मिसळ कोणाचे एलडीएल बिघडवत नाही. रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे वड्याने प्यायलेले तेल तर असतेच, शिवाय ते तेल दिवसभर तापलेले असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगे (तेल तापून तापून बिघडल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल फेकायचे. हा नियम जुलै २०१८ पासून आहे. गाडीपुढे उभे राहून आपण काही ते मोजणार नाही. तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसले की मी पुढच्या गाडीवर जातो, एवढी माझी शास्त्रीय चाचणी.

दिवाळे कोळीवाडा

मासळीबद्दल कोणीच लिहीना म्हणून लिहिते. बांगडा, तारली यांत चांगले स्निग्ध असते असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले आहे. आमच्या घरी रोज मासळी, तरी नवऱ्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, तेव्हा मला आश्चर्य वाटले होते.

नेरूळची शोभा

माशातली ओमेगा-३ स्निग्धाम्ले मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करतात, तीही चांगल्या प्रमाणात घेतली तर. एलडीएल त्यांनी फारसे उतरत नाही. आणि एक विचारायचे राहिले : तो बांगडा कालवणात असतो की रवा लावून तव्यावर?

दिवाळे कोळीवाडा

सोमवार आणि संकष्टी सोडून तव्यावर.

वाशी-रक्तपेढी

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. धागाकर्त्यांनी दिलेले दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले आणि मला त्यात असे काही दिसले जे अजून कोणी म्हटलेले नाही.

बहुतेक प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, काढतात. फ्रीडवाल्ड यांचे १९७२ सालचे सूत्र आहे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. मार्चमध्ये २३८ वजा ४१ वजा ३५, म्हणजे १६२. जूनमध्ये २३२ वजा ३६ वजा ४९, म्हणजे १४७. आपले एलडीएल पंधराने ‘उतरले’ असे दिसते, पण ते मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढल्यामुळे जास्त वजाबाकी झाली म्हणून. ट्रायग्लिसराइड चढलेले असताना हे सूत्र एलडीएल कमी दाखवते, आणि ४०० च्या वर तर ते वापरायचेच नसते.

म्हणून एकूणमधून फक्त एचडीएल वजा करून पाहा. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि रक्तवाहिनीला अपाय करणारे सगळे कण त्यात येतात. मार्चमध्ये १९७, जूनमध्ये १९६. तीन महिन्यांच्या पथ्याने एक.

कारणही आपल्याच लेखात आहे. आपण स्निग्ध काढले आणि त्या जागी पोहे, रवा, मैदा आणि जादा पोळी घातली. पिष्ट वाढले की यकृत जास्त ट्रायग्लिसराइड तयार करते आणि एचडीएल खाली येते. आपल्याकडच्या रिपोर्टांत ‘एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त’ ही जोडी मी रोज पाहतो. पोट सुटलेल्या आणि साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांत तर हमखास. शेंगदाण्याचा कूट काढला ही त्यातली सर्वांत वाईट अदलाबदल, कारण त्यात असंपृक्त स्निग्ध होते आणि ते आपल्या कामाचे होते.

आणखी तीन सूचना. एकाच माणसाचे कोलेस्टेरॉल काहीही न करता पाच-सात टक्क्यांनी इकडेतिकडे होते, तेव्हा एका रिपोर्टवर नाचू नये आणि रडूही नये. थायरॉइडचे काम मंदावले असेल तर एलडीएल वाढते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा पाहून घ्यावे. आणि एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे तेल बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

मुरबाडचा पाहुणा

हे वाचून माझा अर्धा विरोध मावळला. तूप काढून मैदा घालणे हा सौदा तोट्याचा, हे मी वेगळ्या शब्दांत म्हणतच होतो.

नेरूळची शोभा

आपण ‘तूप चांगले’ म्हणत होतात. ‘त्याच्या जागी काय आले ते पाहा’ हे वाशी-रक्तपेढी यांनी म्हटले. दोन्ही एक नव्हे, पण समेट मान्य आहे. धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. एलडीएलवर प्रकाराचा आणि अदलाबदलीचा परिणाम जास्त होतो. संपृक्त काढून असंपृक्त घातले तर एलडीएल उतरते आणि ट्रायग्लिसराइड चढत नाही. संपृक्त काढून पिष्ट घातले तर आपला जूनचा रिपोर्ट येतो. प्रमाणाचा संबंध कॅलरींशी, वजनाशी आणि पर्यायाने ट्रायग्लिसराइडशी जास्त आहे. घोडबंदरच्या ताईंनी काढलेला ३८ चा आकडा म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

सानपाडा सेक्टर पाच

माझा अनुभव थोडा निराशाजनक आहे, तरी लिहितो. तेल बदलले, बेकरी सोडली, ओट्स आणि इसबगोल सुरू केले, रोज पाऊण तास चाललो. सहा महिन्यांत एलडीएल १७८ वरून १५१ वर आले आणि तिथेच थांबले. वडिलांना ४८ व्या वर्षी झटका आला होता, म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) दिले. सहा आठवड्यांत ९४. मला आधी पराभव झाल्यासारखे वाटले होते. डॉक्टर म्हणाले की आहाराने १५ टक्के उतरवलेत ही चांगली कामगिरी आहे, बाकीचे आपण आईवडिलांकडून घेऊन आला आहात.

उपवनकाठ

चार महिन्यांनी परत येतो आहे. सर्वांच्या सूचना एका कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या होत्या.

खारी बंद केली. पहिले दहा दिवस चहा बेचव लागला. पाच लिटरचा कॅन तीनवर आणला, म्हणजे माणशी २३ ग्रॅम. शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरतो. कूट परत आला. सकाळच्या पोह्यांऐवजी आठवड्यातून चार दिवस मुगाची किंवा मटकीची उसळ, रात्रीची जादा पोळी बंद, आणि संध्याकाळी चहाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. आईच्या आग्रहाखातर वरणभातावर अर्धा चमचा तूप पुन्हा सुरू केले. आठवड्याला तीन अंडीही खातो. उपवनच्या तळ्याला रोज सकाळी फेऱ्या मारतो. वजन तीन किलो उतरले. टीएसएच पाहिले, ते ठीक आहे.

कालचा रिपोर्ट : एकूण २०८, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५५, एलडीएल १३७. नॉन-एचडीएल मीच काढले, १६८. डॉक्टरांनी आणखी तीन महिने हेच चालू ठेवून मग गोळीचे ठरवू, असे सांगितले आहे.

आता अडचण दिवाळीची आहे. चकली, शेव, करंजी, शंकरपाळी हे सगळे घरी होणार. तळणीला कोणते तेल घ्यावे?

दाणाबाजार

तळणीला रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान घ्यावे. दोन्ही ताप सोसतात. खोल आणि लहान तोंडाची कढई घेतली तर तेल कमी लागते. उरलेले तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीत संपवावे, पुन्हा तळणीला चढवू नये, आणि त्यात नवीन तेल मिसळून डबा वाढवत तर मुळीच नेऊ नये. वनस्पतीत तळलेल्या शंकरपाळ्या खुसखुशीत होतात हे खरे. पण आपण खारी सोडली ती कशासाठी, हे आठवावे.

घोडबंदरची गृहिणी

आणि फराळाचे तेल महिन्याच्या तीन लिटरमध्ये धरू नका, वेगळे मोजा. कढईत घातले किती आणि उरले किती, हे वजन करून पाहा. मधला फरक आपण सगळ्यांनी मिळून खाल्लेला असतो. गेल्या वर्षी आमचा फरक एक किलो शंभर ग्रॅम निघाला होता.

उपवनकाठ

वजनकाटा बाहेर काढला आहे. हे सगळे आईला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि करंजीचे मोहन तरी तुपाचेच राहणार ना, एवढेच विचारले. राहणार, असे मी सांगून टाकले आहे.